गाठीत कमी, वाटेवर जास्त : एनके पेशी आणि कॅन्सरचं पसरणं

अंबाझरी

"एनके सेल वाढवा, कॅन्सर पसरणारच नाही" असा एक फॉरवर्ड सध्या नागपूरच्या बहुतेक ग्रुपांवर फिरतोय. एनके म्हणजे नॅचरल किलर, बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी. सोबत एका कॅप्सूलचा फोटो. पूर्ण खोटं असतं तर सोडून दिलं असतं, पण मुळाशी थोडं खरं आहे आणि तेवढंच नीट सांगितलं जात नाही, म्हणून हा धागा. माझं म्हणणं आधीच मांडते: एनके पेशींचा जोर मूळ गाठीवर फारसा चालत नाही. तो चालतो गाठ सोडून रक्तात उतरलेल्या पेशींवर.

नॅचरल किलर पेशींचं वर्णन १९७५ मध्ये झालं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉल्फ किसलिंग, एव्हा क्लाइन, हान्स विगझेल आणि त्याच सुमारास अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन. रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींपैकी ५ ते १५ टक्के या असतात. प्रतिकारशक्तीतल्या टी पेशीसारखं यांना एकेक शत्रू आधी शिकवावा लागत नाही, पण म्हणून त्या दिसेल त्याला मारत सुटत नाहीत. समोरच्या पेशीवर एचएलए क्लास-१ ("मी आपलीच" सांगणारं ओळखपत्र) असेल तर एनकेवरचे केआयआर आणि एनकेजी२ए हे रिसेप्टर ब्रेक लावतात. क्लास-१ गायब असेल तर ब्रेक सुटतो (क्लास कॅरे या शास्त्रज्ञाच्या गटाने १९८६ मध्ये हे दाखवलं). नुसता ब्रेक सुटून भागत नाही, अ‍ॅक्सिलरेटरही लागतो: ताणाखालच्या पेशीवर एमआयसीए, एमआयसीबी या खुणा उगवतात, त्यांना एनकेवरचा एनकेजी२डी हा रिसेप्टर धरतो, सीडी१५५ आणि सीडी११२ ला डीएनएएम-१ धरतो. दोन्हींचा हिशेब जुळला की एनके पेशी चिकटते, परफोरिन आणि ग्रँझाइम या मारक प्रथिनांनी भरलेल्या कणिका त्या बाजूला सरकवते आणि ओतते. या ओतण्याला कॅल्शियम लागतं. हे लक्षात ठेवा, पुढे टेस्टच्या वेळी कामी येईल.

आता गाठ. घट्ट गाठीत एनके मुळात कमी शिरतात. शिरल्या तरी आत ऑक्सिजन कमी, लॅक्टिक आम्ल, अ‍ॅडेनोसिन, प्रोस्टाग्लँडिन ई२ आणि सगळ्यांवर कडी करणारं टीजीएफ-बीटा, प्रतिकार दाबणारं प्रथिन. त्यात त्या नुसत्या थकत नाहीत, काही तर रूप पालटून कमी मारक पेशी होतात.

उलट, सुटणारी पेशी उघडी पडते. सुटण्यासाठी ती शेजारणीला धरून ठेवणारं ई-कॅढेरिन कमी करते. हेच ई-कॅढेरिन एनकेवरचा केएलआरजी१ हा ब्रेक लावून ठेवत असतं. म्हणजे निघतानाच एक ब्रेक गेला. पुढे रक्त, फुप्फुस, यकृत, प्लीहा, आणि या सगळ्या ठिकाणी एनके मुबलक. घरात शिरलेल्या चोरापेक्षा नाकाबंदीत सापडलेला चोर पकडणं सोपं, तसला प्रकार.

आयझाया फिडलर यांनी १९७० मध्ये उंदरांच्या शिरेत खुणेच्या कॅन्सर पेशी सोडून पाहिलं होतं: चोवीस तासांनी शेकडा एकाहूनही कमी पेशी जिवंत उरतात. याचं सगळं श्रेय एनकेला देऊ नका. प्रवाहाचा मार आणि आधार सुटल्यामुळे होणारं मरणही त्यात आहे.

झिरो_माइल

ताई, वाटेवर एवढा पहारा आहे तर मग बाप्पा, पसरतोच काऊन? चौथ्या स्टेजचे पेशंट कमी आहेत का?

अंबाझरी

पहारा चुकवायच्या युक्त्या आहेत म्हणून. ज्यांचा पुरावा भक्कम वाटतो तेवढ्याच सांगते.

प्लेटलेट. रक्तात उतरलेल्या पेशीभोवती काही मिनिटांत प्लेटलेट चिकटतात. नुसता आडोसा असता तर एक वेळ चाललं असतं. पण प्लेटलेट स्वतःचं क्लास-१ त्या पेशीच्या अंगावर चढवतात, म्हणजे जे नव्हतं ते उसनं मिळतं आणि एनकेचा ब्रेक पुन्हा लागतो. शिवाय प्लेटलेटमधून सुटणारं टीजीएफ-बीटा एनकेवरचा एनकेजी२डी खाली आणतं. मला ही सगळ्यात बेरकी युक्ती वाटते, कारण इथे कॅन्सर पेशीला स्वतःत काहीच बदल करावा लागत नाही.

एमआयसीए कापून टाकणं. एडीएएम१० आणि एडीएएम१७ ही एन्झाइमं पेशीवरचं एमआयसीए छाटतात. ते रक्तात तरंगतं, एनकेजी२डीला जाऊन बसतं आणि रिसेप्टरच आत ओढला जातो.

घोळका. एकट्या पेशीला एनके सहज मारतात, पुंजक्याने निघालेल्या पेशींना तेवढ्या सहज नाही. पुंजके संख्येने थोडे असले तरी नव्या गाठी करण्यात पुढे असतात, त्याचं हे एक कारण.

झोप. ही ब्रेस्ट कॅन्सरमध्ये जास्त महत्त्वाची. दूरच्या अवयवात पोचलेली पेशी वाढ थांबवून पडून राहते आणि एनकेने ओळखायच्या खुणा खाली उतरवते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मसागे यांच्या प्रयोगशाळेने या झोपेशी डीकेके१ या प्रथिनाचा संबंध दाखवला. २०२१ मध्ये बाझलच्या गटाने यकृतातली पुढची कडी दाखवली: एनके आहेत, इंटरफेरॉन-गॅमा हे निरोप्या प्रथिन सोडताहेत, तोवर पेशी झोपलेल्या; यकृताला इजा होऊन स्टेलेट पेशी (यकृतात व्रण करणाऱ्या) जाग्या झाल्या की त्या सीएक्ससीएल१२ हे प्रथिन सोडतात, एनके गप्प होतात आणि गाठ वाढू लागते. पाच-दहा वर्षं सगळं नीट असताना अचानक लिव्हरमध्ये डाग का दिसतात, याचं एक पटण्यासारखं उत्तर इथे आहे. फक्त हे प्रयोग उंदरांतले आहेत.

पिंजरा_क्र_७

उंदरांवर आलाच आहात तर दोन-चार गोष्टी. पेपर वाचताना लोक इथेच फसतात.

नेहमीचा प्रयोग असा: सी५७ ब्लॅक/६ जातीच्या उंदराच्या शेपटीच्या शिरेतून बी१६-एफ१० या मेलानोमाच्या (काळ्या रंगाच्या कातडीच्या कॅन्सरच्या) साधारण २ लाख पेशी, २०० मायक्रोलिटरमध्ये. दोन-अडीच आठवड्यांनी फुप्फुसावरचे काळे ठिपके मोजायचे. एनके आधी काढून टाकल्या तर ठिपके कित्येक पटींनी वाढतात. त्याच पेशी कातडीखाली दिल्या तर गाठीच्या वाढीत बहुतेक वेळा तेवढा फरक पडत नाही. धाग्याचं शीर्षक या दोन निकालांतच आहे. १९८० मध्ये बेज उंदरांत (यांच्या एनके जन्मतः कमजोर) हेच दिसलं होतं.

घोळ कुठे होतो? एक, पेशी गुठळ्यांनी गेल्या तर फुप्फुसाची नळी तुंबून उंदीर टेबलावरच मरतो, नाहीतर ठिपके भलतेच येतात. ४० मायक्रॉनच्या गाळणीतून काढा, बर्फावर ठेवा, अर्ध्या तासात संपवा. दोन, एनके काढायला पीके१३६ ही अँटिबॉडी, साधारण २०० मायक्रोग्रॅम पोटात. पण ती एनकेवरची एनके१.१ ही खूण धरते आणि बाल्ब/सी या दुसऱ्या जातीच्या उंदरात एनके१.१ दिसतच नाही. तिथे असियालो-जीएम१ या वेगळ्या खुणेविरुद्धचा सिरम वापरतात, आणि तो बेसोफिल व काही टी पेशींनाही मारतो. तो निकाल "हे एनकेमुळेच" म्हणून खपवला की मी तरी पेपर बाजूला ठेवतो. तीन, एनके खरंच गेल्या का हे त्याच एनके१.१ च्या रंगाने तपासू नका. जागा आधीच झाकलेली असते, त्यामुळे शिल्लक पेशीही "गेल्या" दिसतात. एनकेपी४६ या दुसऱ्या खुणेने बघा.

आणि शिरेत टोचलेली पेशी गाठीतून सुटायची पायरी पार करतच नाही. त्यामुळे हा प्रयोग अर्ध्या प्रवासाबद्दलच बोलतो. पूर्ण प्रवास हवा तर ४टी१ या उंदराच्या ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशी स्तनग्रंथीत लावा, गाठ कापून काढा, मग फुप्फुस बघा. "न्यूड" जातीच्या उंदराला टी पेशी नसतात पण एनके चांगल्या असतात. एनएसजी या जातीत दोन्ही नाहीत, म्हणून त्याच मानवी कॅन्सर पेशी एनएसजीत जास्त पसरतात.

ओटी_नंबर_दोन

अंबाझरी मॅडमचं "वाटेवर" मान्य, पण वाट कोणती? आपल्या भागात ओपीडीत रोज दिसतो तो तोंडाचा कॅन्सर, खर्र्याचा. सुपारी-तंबाखू-चुना घोटून गालफडात धरलेला. हा आधी लिम्फच्या वाटेने मानेतल्या गाठींत जातो, रक्तात नंतर. आणि लिम्फ नोडमधल्या एनके वेगळ्या जातीच्या असतात. रक्तात ९० टक्के सीडी५६ डिम (सीडी५६ ही खूण अंगावर कमी), म्हणजे मारणाऱ्या. नोडमध्ये बहुतांश सीडी५६ ब्राइट (खूण जास्त). त्या सायटोकाइन, म्हणजे इतर पेशींना निरोप देणारी प्रथिनं, सोडतात, पण त्यांच्यात परफोरिन कमी. म्हणजे ज्या वाटेने हा रोग जातो तिथला पहारा मुळातच सैल.

म्हणूनच "प्रतिकारशक्ती वाढवतो, मानेचं ऑपरेशन नंतर बघू" याला काही अर्थ नाही. टाटा मेमोरियलचा २०१५ चा अभ्यास आहे: सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनला काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के पेशंट हयात, गाठ दिसेपर्यंत थांबलं तर ६७.५ टक्के. कुठलीही कॅप्सूल या साडेबारा टक्क्यांच्या जवळपास येत नाही.

दुसरा मुद्दा ऑपरेशनच्या काळाचा. मोठी शस्त्रक्रिया झाली की काही तासांत एनकेची मारक क्षमता घसरते, पहिल्या काही दिवसांत तळ गाठते आणि सावरायला आठवडे लागू शकतात. कारणं : कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनालिन, प्रोस्टाग्लँडिन, दुखणं, अंग गार पडणं, रक्त चढवणं. आणि नेमकं याच वेळी गाठ हाताळल्याने पेशी रक्तात सुटलेल्या असतात. ऐकायला भीती वाटते, पण म्हणून ऑपरेशन टाळणं म्हणजे गाठ तशीच ठेवून पेशी रोज सुटू देणं. पेशंट उबदार ठेवा, दुखणं नीट आवरा, गरज नसताना रक्त देऊ नका, लवकर चालवा. हे तसंही करायचंच असतं.

झिरो_माइल

भूल कोणती दिली यावरही असतं म्हणतात. नसेचा ब्लॉक दिला तर एनके शाबूत, गॅस आणि ओपिऑइड दिलं तर खलास. आणि ते प्रोप्रॅनोलॉल, बीपीची गोळी?

ओटी_नंबर_दोन

प्रयोगशाळेत तसं दिसतं. पेशंटमध्ये मोठी चाचणी झाली, २०१९ ला लॅन्सेटमध्ये आली : ब्रेस्ट कॅन्सरच्या २,१०८ स्त्रिया, एका बाजूला पॅराव्हर्टिब्रल (मणक्याशेजारच्या नसांचा) ब्लॉक आणि शिरेतून प्रोपोफॉल, दुसरीकडे सेव्होफ्लुरेन हा गॅस आणि ओपिऑइड. रोग परतण्याचं प्रमाण दोन्हीकडे १० टक्के. विषय तिथे संपायला हवा होता, पण कॉन्फरन्समध्ये अजून स्लाइड येतात.

प्रोप्रॅनोलॉल आणि एटोडोलॅक (वेदनाशामक) ऑपरेशनच्या आगेमागे देण्याचे छोटे अभ्यास झालेत. रक्तातल्या खुणा सुधारतात. आयुष्य वाढतं एवढं म्हणायला ते पुरेसे नाहीत. घरच्या बीपीच्या डब्यातली गोळी कुणी घेऊ नये. दमा असेल, नाडी मंद असेल तर जिवावर बेतेल.

एक मात्र सांगण्यासारखं, आणि ते आपल्याच देशातलं: टाटाच्या पुढाकाराने ११ केंद्रांत झालेली चाचणी, २०२३ मध्ये प्रसिद्ध. ब्रेस्टच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती ०.५ टक्का लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध, टोचायचं. पाच वर्षांनी हयात ९०.१ टक्के, न टोचलेल्या गटात ८६.४. पण यात एनके मोजलेल्या नाहीत. संशोधकांचा रोख पेशींवरच्या सोडियम चॅनलकडे आहे, म्हणून हे या धाग्याच्या खात्यात जमा करू नका.

संत्रागोळी

फार्मसीच्या काउंटरवर लोक रिपोर्ट घेऊन येतात : "एनके सेल ६ टक्के, कमी आहे, काहीतरी द्या." हा आकडा वाचायचा कसा?

फ्लोवाली

पहिला प्रश्न, रिपोर्टवर नेमकं काय लिहिलंय. टक्के म्हणजे लिम्फोसाइटमधला वाटा. टी पेशी वाढल्या की एनके तेवढ्याच असूनही टक्का खाली येतो. दर मायक्रोलिटरला किती, हा आकडा बघा. प्रौढांत साधारण ९० ते ६००, लॅबप्रमाणे थोडं इकडेतिकडे. मोजतात सीडी३ नसलेल्या आणि सीडी१६ किंवा सीडी५६ असलेल्या पेशी. यात "किती आहेत" कळतं. "मारतात का" हे कळत नाही.

मारतात का, याची टेस्ट वेगळी. लक्ष्य म्हणून के५६२ या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी, कारण त्यांच्यावर क्लास-१ जवळपास नसतं. प्रत्येक खान्यात १०,००० के५६२, त्यावर पेशंटच्या पांढऱ्या पेशी ५०:१, २५:१, १२.५:१, ६.२५:१ या प्रमाणात, ३७ अंशांवर चार तास. के५६२ मध्ये आधी किरणोत्सारी क्रोमियम-५१ भरलेलं असतं, फुटलेल्या पेशीतून ते बाहेर येतं. हिशेब : नमुन्यातून आपोआप गळती वजा, भागिले पूर्ण फोडलेल्या पेशींतून आपोआप गळती वजा, गुणिले १००. आपोआप गळती पूर्णच्या २० टक्क्यांवर गेली तर ती प्लेट फेकायची. के५६२ म्हाताऱ्या झाल्यात किंवा त्यांना मायकोप्लाझ्मा या जंतूंचा संसर्ग आहे. क्रोमियमला एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी लागते, म्हणून बऱ्याच ठिकाणी कॅल्सिन हा चमकणारा रंग वापरतात. ते जास्त गळतं, तेव्हा चार तासांच्या पुढे नेऊ नका.

आता गोम. ५०:१ मधले ५० हे सगळ्या पांढऱ्या पेशींचे. त्यात एनके दहा टक्के धरल्या तर खरं प्रमाण ५:१. पेशंटच्या एनके चारच टक्के असतील तर निकाल कमी येणारच, जरी एकेक पेशी ठणठणीत असली तरी. शेजारी फ्लोचा (फ्लो सायटोमेट्रीने पेशी मोजल्याचा) आकडा नसेल तर या टेस्टचा अर्थ लागत नाही.

सीडी१०७ए ची टेस्ट सोपी : कणिका ओतल्या की हे प्रथिन पेशीच्या पृष्ठावर येतं. पण ते लगेच परत आत जातं, म्हणून अँटिबॉडी सुरुवातीलाच टाकावी लागते, शेवटी नाही. सोबत मोनेन्सिन, आत गेलेलं नष्ट होऊ नये म्हणून.

नमुना बिघडवायच्या वाटा मात्र अनेक. ट्यूब हेपरिनची, हिरव्या झाकणाची. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि कॅल्शियमविना ओतणं नाही. फ्रीजमध्ये ठेवू नये, २४ तासांत लावावा. जिना चढून आल्याआल्या रक्त घेतलं तर एनके फुगलेल्या दिसतात, कारण अ‍ॅड्रेनालिनने त्या भिंतीवरून सुटून रक्तात येतात. व्यायाम थांबल्यावर तास-दोन तासांनी उलट कमी दिसतात. पंधरा-वीस मिनिटं बसवा, शक्यतो सकाळी घ्या. किमोच्या आधी उलटीसाठी दिलेलं डेक्सामेथासोनही निकाल पाडतं.

आणि एवढं सगळं नीट होऊनही, एका पेशंटमध्ये कॅन्सर पसरेल की नाही हे या आकड्यावरून सांगता येत नाही. उपचार ठरवायला ही टेस्ट नाहीच.

झिरो_माइल

पण जपानचा अभ्यास आहे ना? रक्ताची मारक क्षमता कमी त्यांना कॅन्सर जास्त.

फ्लोवाली

आहे. साइतामामधले साडेतीन हजारांवर लोक, ११ वर्षं पाठपुरावा, लॅन्सेट २०००. तो कॅन्सर होण्याबद्दल आहे, झालेला पसरण्याबद्दल नाही. आणि गटाचा कल म्हणजे व्यक्तीचं भविष्य नव्हे.

संत्रागोळी

बरं, औषधांचं बोलू. "एनके सेल थेरपी" म्हणून काही लाखांची पॅकेज विचारायला लोक येतात.

अंबाझरी

आत्तापर्यंत काय झालंय ते सरळ सांगते.

२०२० मध्ये एमडी अँडरसनने नाळेच्या रक्तातल्या एनकेवर सीडी१९ ही खूण ओळखणारा सीएआर (कृत्रिम रिसेप्टर) बसवला : ११ पेशंट, ८ जणांत प्रतिसाद, त्यातले ७ पूर्ण. सायटोकाइनचं वादळ नाही, परक्या पेशींनी अंगावर उलटणं नाही. उत्साह इथून सुरू झाला. पण हे लिम्फोमा आणि सीएलएल (एक ल्युकेमिया), म्हणजे रक्ताचे रोग, जिथे एनके आणि शत्रू एकाच ठिकाणी असतात. घट्ट गाठीत तसं यश आलेलं नाही, कारण मी वर सांगितलेली सगळी भानगड तिथे जशीच्या तशी आहे. शिवाय दिलेल्या एनके फार दिवस टिकत नाहीत, म्हणून त्या पेशींत आयएल-१५ या एनकेला जगवणाऱ्या प्रथिनाची सोय करावी लागली.

ब्रेक काढायचे प्रयत्न? मोनालिझुमॅब हे औषध एनकेजी२ए झाकतं. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये सेटुक्सिमॅबसोबत तिसऱ्या टप्प्यात गेलं आणि २०२२ मध्ये फायदा दिसत नाही म्हणून चाचणी थांबवली. एनकेचा खरा रोजचा वापर आधीच होतोय, फक्त त्या नावाने नाही : ट्रास्टुझुमॅब, रिटुक्सिमॅब, सेटुक्सिमॅब या अँटिबॉडी पेशीला चिकटल्या की एनके सीडी१६ ने त्यांची शेपटी धरून मारतात. औषधाच्या परिणामात या वाटेचा काही वाटा असतो. आयएल-१५ वर बेतलेलं एन-८०३ अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये मंजूर झालं, बीसीजीसोबत, मूत्राशयाच्या कॅन्सरच्या एका ठराविक प्रकारासाठी, थेट मूत्राशयात.

आणि भारतात २०२३ मध्ये मंजूर झालेलं नेक्ससीएआर१९ हे उपचार-उत्पादन टी पेशींचं आहे. ते दाखवून एनकेचं पॅकेज विकत असतील तर तिथूनच उठावं.

संत्रागोळी

पॅकेजवाला "ट्रायलमध्ये आहे" म्हणतो तेव्हा विचारायचं काय?

अंबाझरी

सीटीआरआयचा (भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीचा) नंबर मागा. सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि शेवटी अनुक्रमांक असा असतो. साइटवर टाकून तीन गोष्टी बघा: तुमच्या रोगाचं नाव आहे का, हे केंद्र यादीत आहे का, भरती चालू आहे का. नोंदणी म्हणजे परवानगी नव्हे. एथिक्स कमिटीची आणि औषध नियंत्रकांची मंजुरी त्याच पानावर वेगळी दिसते. चाचणीतल्या औषधाचे पैसे मागितले की शंका घ्या. आणि पेशी कुठे वाढवल्या, शेवटच्या बॅचमध्ये एनके किती टक्के, टी पेशी किती, निर्जंतुकतेचा आणि एंडोटॉक्सिनचा (जंतूंच्या विषाचा) रिपोर्ट कुठे, हे विचारा. दुसऱ्याच्या रक्तातल्या एनके असतील तर टी पेशींचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण अंगावर उलटतात त्या टी पेशी.

ओटी_नंबर_दोन

कॅप्सूलवाल्यांसाठी : त्यात गुळवेल असेल तर ऑन्कॉलॉजिस्टला सांगा. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आपल्याकडे प्रसिद्ध झाल्यात. किमोत लिव्हरचे आकडे वर गेले की डोस पुढे ढकलावा लागतो, आणि दोष किमोच्या नावावर पडतो.

पिपेट_बहाद्दर

फ्लोवाली ताई, फंक्शनची टेस्ट बाहेरगावी पाठवायची असेल तर मे महिन्यात कसं करायचं? दुपारी ४५ अंश, आइसपॅक टाकला तर थंड पडतो, नाही टाकला तर शिजतो.

फ्लोवाली

१८ ते २५ अंश धरायचे. जेलपॅक फ्रीजरचा नाही, एसीच्या खोलीत रात्रभर ठेवून २० च्या आसपास आणलेला. ट्यूब कापसात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात, पॅकला टेकू द्यायची नाही. डब्यात तापमान नोंदणारा लॉगर. रक्त सकाळी घेऊन ठेवून देऊ नका; शक्य असेल तर दुपारनंतर घेऊन संध्याकाळच्या विमानाने, आणि वेळ फॉर्मवर लिहा म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की नमुना सकाळचा नाही. गाडीच्या डिकीत तर नकोच.

सोबत त्याच वेळी घेतलेली एका निरोगी माणसाची ट्यूब त्याच डब्यात पाठवा. तिचाही निकाल पडला तर दोष प्रवासाचा. पोचल्यावर फायकॉल (रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या करायचं द्रव) फ्रीजमधून काढून थेट वापरू नये. थंड असेल तर लाल पेशी थरात राहतात, आणि खोली फार गरम असेल तर लिम्फोसाइटच खाली जातात. २० अंश, ४०० जी, ३० मिनिटं, सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद.